घारीची जात कोणी ठरवली?

(हैदराबादमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्तुळात केलेल्या मांडणीचं हे लेखी रूप. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



समाजशास्त्राची मुलगी सजीवांच्या वर्गीकरणावर बोलणार म्हटल्यावर तुमच्यातल्या काहींना आश्चर्य वाटलं. मी जीवशास्त्रज्ञ नाही. पण माणसांना खणाखणांत बसवणाऱ्या समाजात मी वाढले. त्यामुळे कोणी कशाचंही वर्गीकरण केलेलं दिसलं की माझ्या मनात दोन प्रश्न येतात. हे खण कोणी पाडले? आणि ते चुकले तर दुरुस्त करायची सोय आहे का? आजचं बोलणं या दोन प्रश्नांभोवती आहे.

सुरुवात घारींपासून करते. कोकणात किंवा केरळात मासळी उतरते तिथे दोन प्रकारच्या घारी घिरट्या घालताना दिसतात. एकीचं डोकं आणि छाती पांढरी, बाकी अंग विटकरी. दुसरी सगळी तपकिरी. हीच घार आपल्याला शहरांतल्या कचऱ्याच्या ढिगांवरही दिसते. दोघी मेलेले मासे उचलतात, मिळेल ते खातात. पक्ष्यांच्या इंग्रजी पुस्तकांत पहिलीचं नाव आहे ब्राह्मिनी काइट, मराठीत ब्राह्मणी घार. दुसरीचं जुनं इंग्रजी नाव होतं पॅरिया काइट. सलीम अलींच्या १९४१ च्या प्रसिद्ध पुस्तकातही ते आहे. पॅरिया हा शब्द तमिळ प्रदेशातल्या परैयार या अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या नावावरून इंग्रजीत गेला. गावातल्या मोकाट कुत्र्यालाही इंग्रजांनी तेच नाव दिलं.

म्हणजे एकाच किनाऱ्यावर तेच मासे खाणाऱ्या दोन पक्ष्यांपैकी पांढऱ्या डोक्याचा ब्राह्मण झाला आणि मळक्या रंगाचा परैयार झाला. गंमत अशी की याच दुसऱ्या घारीला दख्खनमध्ये सर्वेक्षण करणाऱ्या कर्नल साइक्सने १८३२ मध्ये शास्त्रीय नाव दिलं ते गोविंदा. ते नाव आजही आपल्याकडच्या उपजातीला आहे. घारीला यातलं काहीच माहीत नाही. तिचा गोविंदाही माणसांनी केला आणि तिला परैयारही माणसांनीच ठरवलं.

आता शाळेत जाऊ. नववीच्या विज्ञानात वर्गीकरणाची उतरंड असते : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. आमच्या सरांनी फळ्यावर सगळ्यात खाली ‘जाती’ लिहिलं आणि विचारलं, माणसाची जाती कोणती? पुस्तकातलं उत्तर होतं सेपियन्स. पण वर्गात हसू फुटलं आणि पुढच्या बाकांवरच्या चार-सहा माना मागे वळल्या, आमच्या बाकाकडे. सर काही वाईट बोलले नव्हते. पण काही समजावूनही न सांगता ते पुढच्या मुद्द्याकडे वळले. तो अर्धा मिनिट माझ्या लक्षात राहिला आहे. तुमच्यातल्या अनेकांकडे असा एखादा अर्धा मिनिट असेल.

ही शब्दांची गल्लत आपल्या भाषेत फार खोल आहे. ज्वारीची जात, आंब्याची जात, बैलाची जात आणि माणसाची जात, सगळ्यांना आपण एकच शब्द वापरतो. पोर्तुगीजांनी गोव्यात आणि मलबारात वापरलेला कास्टा हा शब्दही वंश, वाण, पैदास अशाच अर्थांचा होता आणि त्यावरूनच इंग्रजी कास्ट आला. ज्वारीच्या वाणांसारखी माणसंही वेगवेगळ्या वाणांची असतात, ही समजूत या एका शब्दात बसलेली आहे.

या समजुतीला आपल्याकडे फार जुनं उत्तर आहे. सुत्तनिपातात वासेट्ठ सुत्त आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांचा वाद होतो की माणूस ब्राह्मण कशाने होतो, जन्माने की कर्माने. ते बुद्धांकडे जातात. बुद्ध लगेच उपदेश करत नाहीत. ते गवत आणि झाडांपासून सुरुवात करतात. मग किडे-मुंग्या, मग चार पायांचे प्राणी, मग साप, मासे, पक्षी. या प्रत्येकात जाती वेगळ्या ओळखू येतात, कारण शरीरावर तशी लक्षणं असतात, असं ते दाखवतात. मग माणसाकडे येऊन केस, कान, डोळे, तोंड, नाक, ओठ असा एकेक अवयव तपासतात आणि म्हणतात की माणसांत अशी जातिभेदाची लक्षणं नाहीत. माणसांमधले भेद नावापुरते, व्यवहारातले आहेत. जो शेतीवर जगतो तो शेतकरी, जो व्यापारावर जगतो तो व्यापारी.

हा युक्तिवाद नीट पाहा. बुद्ध वर्गीकरणाला विरोध करत नाहीत. सृष्टीत खरे प्रकार आहेत हे ते मान्य करतात आणि तीच कसोटी माणसाला लावतात. माणूस त्या कसोटीवर एकच ठरतो. जातिव्यवस्थेविरुद्धचा आपला एक फार प्राचीन युक्तिवाद असा निरीक्षणावर उभा आहे.

याच्या शेजारी मनुस्मृती ठेवा. पहिल्या अध्यायात सजीवांचं वर्गीकरण आहे : गर्भातून जन्मणारे जरायुज, अंड्यातून येणारे अंडज, घामातून-उष्म्यातून होतात असं मानलेले स्वेदज आणि जमीन फोडून उगवणारे उद्भिज्ज. इथवर ते त्या काळाचं निरीक्षण म्हणून वाचता येतं. पण त्याच अध्यायात पुढे शिडी लागते. भूतांत प्राणी श्रेष्ठ, प्राण्यांत बुद्धीने जगणारे श्रेष्ठ, त्यांत माणूस श्रेष्ठ आणि माणसांत ब्राह्मण श्रेष्ठ. प्राण्यांच्या यादीत शेवटची पायरी म्हणून ब्राह्मण येतो. सामाजिक उच्चनीचता निसर्गाच्या रांगेत अशी उभी केली की ती निसर्गाचीच वाटू लागते. पुढे हा साचा सगळीकडे लागला. सुश्रुतसंहितेत सापांना चार वर्ण आहेत. भोजाच्या नावावर असलेल्या युक्तिकल्पतरूत होड्या बांधायच्या लाकडालाही चार वर्ण आहेत. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये मनुस्मृती जाळली गेली तेव्हा ही शिडीही त्या आगीत होती, असं मला वाटतं.

शिडी फक्त आपल्याकडेच होती असं नाही. ॲरिस्टॉटल प्राण्यांचा फार बारकाईने अभ्यास करणारा माणूस. डॉल्फिन पिल्लांना दूध पाजतो म्हणून त्याने त्याला माशांपासून वेगळं काढलं. पण त्याच्याही मांडणीत सजीव खालून वर चढत जातात. युरोपात ही कल्पना दोन हजार वर्षं टिकली.

आधुनिक वर्गीकरणाचा पाया घातला स्वीडनच्या कार्ल लिनियसने. १७३५ मध्ये त्याचं सिस्टिमा नॅचुरी आलं, अवघ्या डझनभर मोठ्या पानांचं. १७५३ मध्ये वनस्पतींसाठी आणि १७५८ मध्ये प्राण्यांसाठी त्याने दोन शब्दांची नावं पक्की केली, एक प्रजातीचं आणि एक जातीचं. आंबा कुठल्याही देशात मँजिफेरा इंडिका. जगभरच्या लोकांना एकाच झाडाबद्दल बोलता येऊ लागलं, हे फार मोठं काम आहे.

पण याच लिनियसने माणसाचेही चार प्रकार पाडले आणि तेही रंगावरून : गोरा युरोपीय, तांबडा अमेरिकन, पिवळसर आशियाई, काळा आफ्रिकन. १७५८ च्या आवृत्तीत त्याने स्वभावही चिकटवले. युरोपीय कायद्याने चालतो, अमेरिकन रूढीने, आशियाई मताने आणि आफ्रिकन लहरीने. फुलातले पुंकेसर मोजणारा माणूस इथे काहीच मोजत नव्हता. आपल्या समाजातले पूर्वग्रह तो लक्षणं म्हणून लिहीत होता.

लिनियसला भारतातल्या वनस्पती कळल्या त्या कुठून? त्याचा एक मोठा आधार होता हॉर्टस मलबारिकस. कोचीनचा डच सेनापती व्हॅन र्‍हीड याने तयार करवून घेतलेला हा १२ खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. मलबारच्या ७०० हून अधिक वनस्पतींची वर्णनं आणि मोठाली चित्रं त्यात आहेत. पहिल्या खंडात काही साक्षपत्रं छापली आहेत. तीन साक्षीदार कोकणी ब्राह्मण होते, रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्यांचं पत्र देवनागरीत आहे. चौथा साक्षीदार इट्टी अच्युदन हा एझवा वैद्य. एझवा म्हणजे केरळातला अस्पृश्य मानला गेलेला, ताडी काढणारा समाज. पण या समाजात पिढीजात वैद्यही होते. अच्युदनने घरातल्या पोथ्यांमधलं आणि स्वतःच्या अनुभवातलं ज्ञान सांगितलं. १६७५ सालचं त्याचं साक्षपत्र त्याच्याच लिपीत छापलेलं आहे. पर्यावरणाचे इतिहासकार रिचर्ड ग्रोव्ह यांनी तर असं मांडलं की या ग्रंथातल्या झाडांच्या गटवारीवर एझवांच्या वर्गीकरणाचीच छाप आहे.

मग पुढे काय झालं? लिनियसचा नियम होता की प्रजातीचं नाव ग्रीक किंवा लॅटिन मुळाचं हवं, इतर भाषांतली नावं रानटी समजून टाळावीत. काही देशी नावं तरीही टिकली, पण अच्युदनने सांगितलेली बरीचशी नावं जुन्या समानार्थी नावांच्या यादीत गेली. ज्ञान पुढे गेलं आणि सांगणारा मागे राहिला. हॉर्टस मलबारिकसचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर व्हायला २००३ साल उजाडलं. ते काम के. एस. मणिलाल या केरळच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आयुष्याची कित्येक वर्षं देऊन केलं.

शिडी मोडली ती १८५९ मध्ये. डार्विनच्या ओरिजिन ऑफ स्पिशीजमध्ये चित्र एकच आहे, फांद्या फुटत जाणाऱ्या रेषांचं. सजीवांच्या गटांमधलं साम्य हे नात्यातून आलेलं साम्य आहे, असं त्याने म्हटलं. वर्गीकरण म्हणजे वंशावळ. वंशावळीत चुलत भावंडं असतात, त्यांच्यात वरचा-खालचा कोणी नसतो. कावळा माणसापेक्षा मागे राहिलेला नाही. दोघांनीही समान पूर्वजापासून तेवढाच काळ प्रवास केला आहे.

तरी शिडीची हौस गेली नाही. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ले याने भारतात माणसांची नाकं मोजली. नाकाची रुंदी आणि उंची यांचं प्रमाण काढून त्याने दावा केला की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. हाच रिस्ले १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त होता आणि त्या जनगणनेत जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार उतरंड लावायचा प्रयत्न झाला. वासेट्ठ सुत्तात बुद्धांनी तपासून बाजूला ठेवलेलं नाक अडीच हजार वर्षांनी पट्टी लावून परत आणलं गेलं.

बाबासाहेबांनी याला कसं उत्तर दिलं ते आपण शिकण्यासारखं आहे. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी नाकमोजणी हास्यास्पद म्हणून सोडून दिली नाही. त्यांनी तिचेच आकडे घेतले आणि प्रांतवार तपासले. त्या मोजमापांवरूनच ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत, हे दाखवलं. आकडे समोरच्याचे आणि निष्कर्ष नेमका उलटा.

आता ‘जाती’च्या शास्त्रीय व्याख्येकडे येते. अर्न्स्ट मायर याने १९४२ मध्ये मांडलेली व्याख्या आपण परीक्षेत लिहितो : निसर्गात आपापसांत प्रजनन करणारे आणि इतर गटांपासून प्रजननाच्या दृष्टीने अलग असलेले समूह म्हणजे जाती. ही व्याख्या सगळीकडे लागू पडत नाही. जिवाणूंना ती लावता येत नाही, वनस्पतींत सीमा पुष्कळदा झिरपतात. पण पहिल्यांदा वाचली तेव्हा मी दचकले होते. आपापसांतच प्रजनन, बाहेर नाही, हे तर जातीचंही वर्णन आहे. मग वर्गात हसणारी पोरं बरोबर होती का?

याचं उत्तर मला बाबासाहेबांच्या १९१६ च्या निबंधात सापडलं. कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘कास्ट्स इन इंडिया’मध्ये त्यांनी सांगितलं की जातीचं सार सजातीय विवाहात आहे आणि तो विवाह टिकवण्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथा राबवल्या गेल्या. हे वाचून माझा गुंता सुटला. बगळा आणि कावळा यांच्यात संकर होऊ नये म्हणून कोणाला स्मृती लिहावी लागत नाही. सीमा खरी असेल तर पहारा लागत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात वर्णसंकरातून झालेल्या जातींची लांबलचक यादी आहे. ही यादीच सांगते की माणसं एकमेकांत मिसळत होती, त्यांना मुलंबाळं होत होती, म्हणजे ती एकाच जीवशास्त्रीय जातीची होती. आजही आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्यांचे खून होतात. निसर्गात सीमा नाही म्हणून ती हिंसेने राखावी लागते.

जनुकशास्त्रही आता यात भर घालतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतातल्या लोकसमूहांमध्ये सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी व्यापक मिश्रण होत होतं आणि त्यानंतर ते थांबत गेलं. म्हणजे जातीच्या भिंतीला सुरुवात आहे. ज्याला सुरुवात आहे ते सनातन नाही.

आता माझा दुसरा प्रश्न. वर्गीकरण चुकलं तर दुरुस्त करता येतं का? शास्त्रात येतं. नव्या जातीला नाव द्यायचं तर एक नमुना संग्रहालयात जपून ठेवावा लागतो, वर्णन छापावं लागतं. मग जगातला कोणीही तो नमुना तपासून म्हणू शकतो की तुम्ही चुकलात. बुरशी आधी वनस्पतींत धरायचे, आता तिची सृष्टीच वेगळी आहे. आपली बाभूळ घ्या. वर्षानुवर्षं ती अकेशिया निलोटिका होती. २००५ च्या व्हिएन्ना वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या गटासाठी राखायचं ठरलं आणि आपली बाभूळ व्हॅचेलिया झाली. व्हॅचेल हा मकाऊमधला ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री. म्हणजे दुरुस्तीतही सत्ता असते. आफ्रिकेतल्या अनेकांनी या निर्णयाला विरोध केला होता. पण तिथे परिषद असते, मतदान असतं, वाद नोंदवला जातो. २०२४ मध्ये माद्रिदच्या परिषदेत कृष्णवर्णीयांसाठीच्या शिवीवरून आलेलं ‘काफ्रा’ हे नाव बदलून ‘अफ्रा’ करायचा निर्णय मतदानाने झाला. २०० हून अधिक नावं त्यामुळे बदलतात. पॅरिया काइट हे नावही आता मागे पडलं आहे, पक्षिनिरीक्षक ब्लॅक काइट म्हणतात. ब्राह्मणी घार मात्र अजून ब्राह्मणीच आहे.

आणि या शास्त्रात आपली माणसंही होती. जानकी अम्मल १८९७ मध्ये थलश्शेरीला थिय्या समाजात जन्मल्या. एझवांचाच हा उत्तर केरळातला भाऊबंद समाज. १९३१ मध्ये त्यांनी मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, कोईम्बतूरला उसाच्या गुणसूत्रांवर काम केलं, ऊस आणि मका यांचाही संकर घडवला. १९४५ मध्ये सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासोबत लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश लिहिला. १९५१ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची पुनर्रचना करण्यासाठी त्या परत आल्या. आपल्या किती पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव आहे, ते शोधून पाहा.

शेवटी माझ्या आजीबद्दल सांगते. आजी आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात खुरपायला गेली. तिला कुंदा, हराळी, लव्हाळा अंकुरावरून ओळखता येतात. घोळ आणि चिवळ तिच्या लेखी “एका घरच्या, पण येगळ्या”. वनस्पतिशास्त्रात घोळ आहे पोर्टुलाका ओलरेशिया आणि चिवळ पोर्टुलाका क्वाड्रिफिडा. घर एक, जाती दोन. मायर १९२८ मध्ये न्यू गिनीच्या डोंगरात गेला तेव्हा त्याला १३७ प्रकारचे पक्षी आढळले आणि तिथल्या लोकांकडे १३६ नावं होती. शाळा न शिकलेली माणसं नीट पाहत नाहीत, हा गैरसमज त्या एका आकड्याने दूर व्हायला हवा.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावात लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी आणि तिच्यात जाणकारांची नावं असतात. गेल्या दिवाळीत मी आमच्या गावची नोंदवही पाहिली. जाणकारांच्या रकान्यात तीन नावं होती, तिन्ही पुरुषांची, आणि आमच्या वस्तीतलं एकही नाही. रानभाज्यांच्या पानावर घोळ होती, चिवळ नव्हती. मग मी आणि माझ्या चुलतभावाने दोन दिवस बसून आजीकडून एकेक झाड लिहून घेतलं. पानं वहीत दाबून ठेवली आणि यादी अर्जासोबत दिली. अजून उत्तर आलेलं नाही. आजी म्हणते, “माझं नाव कशाला पायजे तिथं? भाजीचं लिवा.” मी तिला सांगितलं, दोन्ही लिहायचं.

तुम्ही सुट्टीत घरी जाल तेव्हा आपल्या गावची ही नोंदवही मागा.  जाणकारांच्या रकान्यात कोण आहे ते बघा. खुरपणारी, गुरं राखणारी, मासे धरणारी, औषध देणारी आपली माणसं नसतील तर त्यांच्याजवळ बसून लिहून घ्या, नाव आणि तारीख घालून अर्ज करा आणि पोच घ्या. अच्युदनचं साक्षपत्र छापलं गेलं म्हणून आज साडेतीनशे वर्षांनी आपण त्याचं नाव घेऊ शकतो. आपल्या आज्यांचं साक्षपत्र आपल्याला लिहावं लागेल, कारण त्यांच्या घरात लिहिता येणारी पहिली माणसं आपण आहोत.

जय भीम.